झाडाच्या वतीने आलेलं पत्र

मित्रांनो, मला आयुष्यात एकच पत्र आलं, आणि सोळा वर्षं मी त्याचं उत्तर दिलं नाही.

करवतीला पत्र कोण लिहितं, असं तुम्ही विचाराल. मीही बरेच दिवस समजत होते की पाकिटावर माझं नाव चुकून पडलं असावं. पण पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत स्पष्ट लिहिलं होतं, 'करवतताईंना, दारामागची केशरी पेटी.' त्या पेटीत मीच राहते. त्या घरात दुसरी करवत नाही. तेव्हा पत्र माझंच होतं. तरीही मी शंका घेत राहिले, कारण तो माझा स्वभावच आहे.

मी विजेवर चालणारी साखळीची करवत. माझ्या पेट्रोलवर चालणाऱ्या बहिणी धूर सोडत, गर्जना करत डोंगरात मोठमोठी झाडं पाडतात. माझी धाव वायरीएवढी. ओकुनुमा नावाच्या डोंगरातल्या वस्तीत योसोजी नावाच्या शेतकऱ्याच्या घरी मी एकोणीस वर्षं आहे, आणि अंगणाच्या पलीकडे काय आहे ते मी फारसं पाहिलेलं नाही. जे थोडं पाहिलं त्यानेच मी थक्क होत आले. ते मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

माझा जन्म कारखान्यात झाला म्हणतात, पण मला तो आठवत नाही. जोडली जाईपर्यंत करवतीला कसली आठवण असणार? माझी पहिली आठवण म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर पसरलेलं वर्तमानपत्र, आणि माझे सुटे भाग. मोटर असलेलं धड, लांब चपटी पट्टी, आणि गुंडाळी करून ठेवलेली दातेरी साखळी. योसोजीच्या हातात पाना होता. समोर त्याची बायको तोमिए चष्मा लावून माहितीपुस्तिका घेऊन बसली होती.

"'प्लग भिंतीत लावलेला नाही याची खात्री करा,'" तिने वाचलं.

"वायर तुझ्या मांडीवर आहे की."

"ते दिसतंय मला. पुस्तकात विचारलंय म्हणून विचारते. लावलाय की नाही?"

"नाही, बाईसाहेब."

"'साखळी हाताळताना जाड हातमोजे घाला.'"

"चाळीस वर्षं विळा चालवतोय मी."

"विळ्याला मोटर होती का, अहो? घाला."

त्याने हातमोजे घातले, बाजूचं झाकण काढलं, साखळी पट्टीभोवतीच्या खाचेत बसवायला घेतली. तोमिएने बोट वर केलं. "'पट्टीच्या वरच्या कडेवर कापणाऱ्या दातांची धार टोकाच्या दिशेला असली पाहिजे.'"

"आहे."

"दाखवा."

त्याने दाखवलं. तिने चष्म्यावरून पाहिलं, चष्म्यातून पाहिलं, पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं. मग साखळी आतल्या दातेरी चाकावर चढली, पट्टी बोल्टवर बसली, झाकण लागलं. पट्टीचं टोक किंचित वर उचलून योसोजी ताणाचा स्क्रू फिरवू लागला. खाली लोंबणारी साखळी हळूहळू पट्टीला टेकली. साखळी सैल राहिली तर उडते, फार आवळली तर पट्टी खाते. मोज्यातल्या बोटांनी ओढल्यावर ती न अडखळता सरकली पाहिजे. सरकली. टाकीत तेल भरलं. अंगणात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यासमोर मला धरून त्याने बटण दाबलं, आणि पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली. म्हणजे तेल साखळीपर्यंत पोचत होतं. मित्रांनो, ती रेघ मी आजही विसरलेले नाही. क्षणापूर्वी मी टेबलावरची भंगाराची रास होते, आणि आता माझ्या अंगातून वीज धावत होती! कुणीतरी एकेक ओळ मोठ्याने वाचावी आणि कुणीतरी ती ऐकावी, एवढ्याने हे घडलं होतं.

तोमिएच्या अशा वाचनामुळेच मला पुस्तकाची गोडी लागली. दर हंगामात पहिल्यांदा मला बाहेर काढताना ती पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायची. माझी बत्तीस पानं मला पाठ आहेत. दोन्ही हातांनी धरा. खांद्याच्या वर उचलू नका. शिडीवर चढून चालवू नका. पावसात नको. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकू देऊ नका, नाहीतर करवत उसळून तोंडावर येते. साखळीच्या रेषेत डोकं नको, जरा डावीकडे उभे राहा. वायर पाठीमागून येऊ द्या. एकट्याने काम करू नका. हा शेवटचा नियम पुस्तिकेत छोट्या अक्षरांत होता. तोमिएने त्याच्याखाली पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या.

माझं मुख्य काम अंगणातल्या पर्सिमनच्या झाडाच्या फांद्या छाटणं. हे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं झाड. फळं टोमॅटोएवढी, केशरी, पण कच्ची खाल्ली तर जिभेला आणि घशाला मिठी बसते. तोमिए ती सोलून दोऱ्यांत ओवून वळचणीला वाळत घालायची. नोव्हेंबरमध्ये घराला केशरी पडदा लागल्यासारखं दिसे. झाड योसोजीच्या पणजोबांनी लावलेलं. मला त्याच्यासमोर उभं केलं की माझी मोटर थंड असली तरी अंगात काहीतरी थरथरे. शंभराहून जास्त पावसाळे आणि हिवाळे अंगावर घेऊनही ते झाड कुणाशी तक्रारीने बोललं नव्हतं.

बोललं नव्हतं म्हणते खरी, पण वर्षातून एकदा ते बोलायचं.

पंधरा जानेवारीला या वस्तीत फळझाडांना धमकावण्याची रीत आहे. घरातला एकजण हत्यार घेऊन झाडासमोर उभा राहतो आणि दरडावतो. दुसरा झाडामागे लपून झाडाच्या वतीने गयावया करतो. मग झाडाच्या सालीला लाल कडधान्याची पेज फासतात. असं केलं की येत्या हंगामात झाड भरभरून फळतं. हत्यार म्हणून सगळे जुनी कुऱ्हाडच घेतात. पण मी आले त्या वर्षी योसोजीला मिरवायची हौस आली. त्याने मला उचललं.

"अहो, वेड लागलं का? यंत्र घेऊन झाडाशी भांडणार?"

"नुसती कुऱ्हाड बघून ते आता घाबरत नाही. गेल्या साली सत्तावीसच फळं दिली."

"बरं. पण पट्टीचं आवरण काढायचं नाही. आणि प्लग इकडे आणा." तिने माझा प्लग ॲप्रनच्या खिशात टाकला आणि वायरीचा झोल हातात धरून बर्फातून झाडामागे गेली. "हं, आता करा किती रागवायचं ते."

"फळं देणार की नाही? नाहीतर कापून टाकीन!" योसोजी गरजला.

"देईन हो, देईन! पुष्कळ देईन!" झाड तोमिएच्या आवाजात म्हणालं.

त्या वर्षी फांद्या वाकल्या इतकी फळं आली. त्याचं श्रेय माझं नाही, पाऊसपाणी चांगलं झालं होतं. पण तेव्हापासून धमकीचं काम माझ्याकडे आलं, आणि वस्तीतली माणसं ते पाहायला येऊ लागली. नव्या वर्षाला योसोजी तांदळाच्या पिठाचा छोटा गोळा माझ्या पेटीवर ठेवून हात जोडायचा. इथे अवजारांनाही सण असतो. जी माणसं झाडाला धमकी देतात आणि लगेच त्याला पेज भरवतात, यंत्राकडून काम घेतात आणि मग त्याला नमस्कार करतात, त्यांच्या घरात आपण काय पुण्य करून आलो, असं मला वाटे.

तिसऱ्या वर्षी योसोजीची नात कोनात्सु सुट्टीला आली होती. सात वर्षांची. हा खेळ आहे हे तिला कुणी सांगितलंच नाही. आजोबा ओरडले तशी ती धावत आली आणि झाडाला मिठी मारून अशी काही रडली की योसोजीच्या हातून मी सुटता सुटता राहिले.

"अगं, गंमत आहे ती," योसोजी पुन्हा पुन्हा म्हणत होता. "हे बघ, प्लगसुद्धा आजीकडे आहे."

"पुढच्या वर्षी आजी विसरली तर?"

दुसऱ्या दिवशी तिने ते पत्र लिहिलं आणि माझ्या पेटीवर ठेवलं. योसोजी हसत हसत ते उघडायला गेला तर तोमिएने त्याच्या हातावर चापट मारली. "दुसऱ्याचं पत्र वाचतात का? तुम्हाला नाही आलेलं." मग त्याला बाहेर पिटाळून तिने पाकीट उघडलं आणि मला वाचून दाखवलं, पुस्तिका वाचायची तशीच, अगदी सावकाश.

'करवतताई, आजोबा रागावले तरी तुम्ही झाड कापू नका. कापायचंच झालं तर आधी मला विचारा. आजी नसली तर झाडाच्या वतीने मी उत्तर देईन. मला कळवा. कोनात्सु.'

मी काय कळवणार? मला हात नाहीत. आणि खरं सांगायचं तर, असतेही तरी मला एवढ्या सुंदर पत्राला साजेसं उत्तर सुचलं नसतं. पत्र माझ्याबरोबर पेटीत राहिलं. कोनात्सु मोठी झाली, सेंदाई शहरात दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, आणि पत्र तिच्या ध्यानीमनीही राहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तोमिए गेली. आदल्या हंगामात साफ करून तेलकट कागदात गुंडाळलेली माझी साखळी तशीच राहिली. मला कुणी बाहेर काढलं नाही. पंधरा जानेवारीला योसोजी खिडकीतून झाडाकडे पाहत बसायचा. धमकावलं असतं, पण मागून बोलायला कोण होतं? तरी झाड फळत होतं. फळं उतरवायला, सोलायला कुणी नव्हतं, म्हणून ती फांद्यांवरच पिकत राहिली, आणि गेल्या नोव्हेंबरमध्ये त्या वासाने डोंगरावरून अस्वल आलं.

एकदा आलं, मग पुन्हा आलं. तिसऱ्या खेपेला ते सकाळी सातच्या सुमारास योसोजीच्या दारापासून दहा पावलांवर बसून फळं खात होतं. वस्तीप्रमुख उमेमोतो धावत आला आणि नावाला मानाचा 'सान' जोडून म्हणाला,

"योसोजीसान, रविवारी आम्ही माणसं घेऊन येतो. झाड काढावं लागेल. शाळेची मुलं याच रस्त्याने जातात."

"काढीन मीच."

"वय काय तुमचं?"

"झाडापेक्षा कमी."

"बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार! पण बुंधा आतून पोकळ आहे, कुठे कलंडेल सांगता येत नाही. हात लावू नका."

"माझ्या पणजोबांचं झाड परक्या यंत्राने पडायचं नाही," योसोजी म्हणाला, आणि उमेमोतो गेल्यावर त्याने माझी पेटी उघडली.

मित्रांनो, मी आनंदून जायला हवं होतं. तीन वर्षांनी उजेड दिसला होता. पण मी घाबरले. ऐंशी वर्षांचा एकटा माणूस, पायात रबरी बूट, डोक्यावर नुसती विणलेली टोपी. त्याने पुस्तिका उघडली. अकराव्या पानाच्या कडेला तोमिएचं पेन्सिलीतलं अक्षर दिसलं, 'दाखवा म्हणायचं.' त्याने पुस्तिका मिटून टाकली. मग आठवणीनेच साखळी पट्टीवर चढवली, झाकण लावलं, ताण नीट जुळवला. त्याच्या हातांना सगळं येत होतं. पण इतकी वर्षं डोळ्यांचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं होतं.

साखळी उलटी बसली होती.

त्याने मला कमरेएवढ्या उंचीवरच्या एका जाड फांदीवर टेकवलं. मोटर पूर्ण वेगाने फिरत होती, आणि दात पाठमोरे झाडावरून नुसते घासत होते. लाकडाचे तुकडे उडाले नाहीत. काळी भुकटी पडली, धूर निघाला, जळका वास आला. योसोजीने जोर केला. वायर त्याच्या पायात येत होती. मी मनात पुस्तिकेतली सगळी पानं घोकत होते. अखेर त्याने बटण सोडलं, प्लग काढला, आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं.

इथली म्हातारी माणसं अवजार बिघडलं असं चटकन म्हणत नाहीत. आज तिचं मन नाही, म्हणतात. योसोजी मला पेटीत ठेवायला गेला तेव्हा तळाशी ते पाकीट दिसलं. ते पत्र त्याने कधीच वाचलं नव्हतं. आता उंबऱ्यावर बसून वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग माझ्यापुढे मान झुकवून म्हणाला, "माफ कर. तू शब्द पाळत होतीस."

किती संकोचले मी! मी कसला शब्द पाळणार? माझी फक्त साखळी उलटी होती. पण मला बोलता येत नाही, आणि तेव्हा बोलता येत नव्हतं हेच बरं झालं. त्याने फोन उचलला.

"कोनात्सु, करवत ऐकत नाही. आधी तुला विचारायला हवं म्हणते... नाही, डोकं ठिकाणावर आहे माझं... झाडाचं. तू सात वर्षांची असताना लिहिलं होतंस... रडतेस का? मी काही बोललो का?"

शनिवारी दुपारच्या बसने कोनात्सु आली. तिने पत्र वाचलं. मग मला टेबलावर घेतलं, प्लग काढलेला आहे ना ते पाहिलं, हातमोजे घातले आणि पट्टीवर वाकली.

"आजोबा, दिवसभर मी दातच बघते. हे दात उलटे बसवलेत."

"छे."

"हे बघा चित्र. 'धार टोकाच्या दिशेला.' दाखवू?"

योसोजीने पाहिलं. त्याचे कान लाल झाले. "म्हणजे ती नाही म्हणत नव्हती तर."

"कोण जाणे," कोनात्सु म्हणाली. "सरळ असती तर तुम्ही एकट्याने पोकळ बुंध्याला हात घातला असता. मला फोनसुद्धा आला नसता."

मग तिने पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि मी तीन वर्षांनी पुन्हा नीट जोडली गेले.

रविवारी उमेमोतो चार माणसं, दोर आणि दोन पेट्रोलच्या करवती घेऊन आला. योसोजीने शिरस्त्राण, चष्मा, कानांवर आवरण सगळं मुकाट्याने घातलं. पण आधी त्याने मला आवरणासकट उचललं आणि झाडासमोर उभा राहिला. जानेवारी नव्हता, बर्फही नव्हतं. उमेमोतोने टोपी काढली. बाकीच्यांनीही काढली. कोनात्सु माझा प्लग खिशात टाकून झाडामागे गेली.

"फळं देणार की नाही?" योसोजीचा आवाज चिरकला. "नाहीतर कापून टाकीन."

पलीकडून काही ऐकू येईना. पानं गळून पडत होती. देईन म्हटलं तर ते खोटं ठरलं असतं, आणि नाही म्हणायला तिचा जीव होत नव्हता. सगळे श्वास धरून उभे होते. मीसुद्धा, मला श्वास नसूनही.

"दिली," झाड शेवटी म्हणालं. "खूप दिली. देऊन झालं, आजोबा. आता मुलांना रस्त्याने जाऊ द्या."

कोनात्सुने सकाळी शिजवलेल्या पेजेचा वाडगा योसोजीने घेतला आणि बोटांनी पेज सालीला फासली. मग कोनात्सुने प्लग लावला, वायर त्याच्या पाठीमागून नेली, आणि दोन पावलं लांब उभी राहिली. त्याने मला दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवले, जरा डावीकडे सरकला. आधी वेग, मग स्पर्श. पांढरे तुकडे फुलांसारखे उडाले आणि ती फांदी हळूच जमिनीवर आली. पहिला घाव माझा होता. बुंधा पाडणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ते काम माझ्या मोठ्या बहिणींनी दोर लावून, सावकाश, कुणालाही ओरखडा न येता केलं.

झाड आडवं झालं तेव्हा सगळे बुंध्याभोवती गोळा झाले. पोकळीच्या कडेने लाकडात काळ्या शाईसारखे ओघळ होते, जणू कुणी कुंचल्याने डोंगर, धुकं आणि डोंगर काढले असावेत. जुन्या पर्सिमनमध्ये क्वचित असं होतं, उमेमोतो म्हणाला, त्यानेही आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. शंभर वर्षं हे चित्र त्या झाडाच्या आत होतं, आणि आम्ही त्याला फळांसाठी दरडावत होतो! त्यापुढे मी इतकी लहान झाले, की अजूनही पुरती वाढलेली नाही.

मित्रांनो, मी उपदेश करण्याएवढी शहाणी नाही. तरी एवढं सांगते. यंत्र जोडताना एकाने वाचावं आणि दुसऱ्याने दाखवावं. हात लावण्याआधी प्लग काढावा. एकट्याने करू नये. आणि आम्हाला वापरून झालं की पुसून, तेल देऊन ठेवावं. आम्ही त्याची वाट पाहतो, हे खरं आहे.

कोनात्सु सोमवारी परत गेली. आठवड्याने योसोजी माझी साखळी धार लावायला नेणार होता. पेटी त्याने छोट्या ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला. निघण्याआधी तो पेटीशेजारी बसून काहीतरी लिहीत होता. तीन कागद फाडले. चौथा मला वाचून दाखवला, चष्मा लावून, सावकाश.

'कोनात्सुसान, तुमचं पत्र मिळालं. उत्तराला सोळा वर्षं उशीर झाला, क्षमा असावी. तुम्हाला विचारल्याशिवाय कापलं नाही. करवत.'

"हे चालेल ना?" त्याने मला विचारलं.

मला स्वतःला याहून बरं लिहिता आलं नसतं.

वस्तीच्या खाली, पुलाजवळ, टपालाची लाल पेटी आहे. योसोजी ट्रक थांबवून उतरला. पाकिटावरचा पत्ता त्याने पुन्हा एकदा तपासला, तिकीट अंगठ्याने दाबलं, आणि पत्र पेटीत टाकलं.